घरच्या संगणकाचा राखणदार

संगणकातील व्हायरस म्हणजे सजीव जंतू नव्हे. तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरून स्वतःच्या प्रती काढणारा आज्ञासंच होय. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' या शीर्षकाच्या ई-मेलने जगभरातील लक्षावधी संगणकांना ग्रासले. वरवर प्रेमपत्र, सोबतची फाईल उघडताच मात्र घात होई.

अँटीव्हायरस अशा आज्ञासंचांच्या ओळखखुणांची यादी बाळगतो, प्रत्येक फाईल तिच्याशी ताडून पाहतो आणि संशयास्पद वर्तनावरही लक्ष ठेवतो. यादी जुनी झाली, की नवा व्हायरस सहज निसटतो. म्हणून निवड करताना किमतीआधी पाहावयाचे ते हे, की ही यादी नित्य अद्ययावत होते काय. पुण्यात घडलेल्या क्विक हीलसारखे अनेक अँटीव्हायरस ठरावीक मुदतीसाठी विकत मिळतात. मुदत संपलेला राखणदार दारात उभा दिसतो खरा, पण नवे चोर त्याला ओळखू येत नाहीत.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच असतो; साध्या घरगुती वापरास तो बहुधा पुरतो. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालविल्यास ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो. 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, त्वरित येथे दाबा' असे बजावत इंटरनेटवर अचानक उगवणारी चौकट तर पुष्कळदा स्वतःच सापळा असते.