खुनी कळल्यानंतरची पानं

झोपण्याआधी चार पानं वाचायची मला सवय आहे. अलीकडे त्यात रहस्यकथाच जास्त होत्या. त्यातून पटलेल्या काही गोष्टी.

१. खुनी आधीच कळला तरी बिघडत नाही. केइगो हिगाशिनो यांच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’मध्ये (मूळ जपानी, २००५) खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतो. यासुकोचा पिच्छा न सोडणारा तिचा माजी नवरा घरात येतो, मुलीवर हात टाकतो, आणि यासुको कोतात्सूची, म्हणजे खाली हीटर असलेल्या बैठ्या टेबलाची, वायर त्याच्या गळ्याभोवती आवळते. शेजारी राहणारा गणिताचा मास्तर इशिगामी येतो आणि सगळं निस्तरायचं अंगावर घेतो. त्यानंतर मी पोलिसांच्या बाजूची राहिलेच नाही. हा माणूस सापडू नये, एवढंच वाटत राहिलं. यावरून निघालेला ‘जाने जाँ’ हा चित्रपट (२०२३) पाहिला असला तरी पुस्तक वाचाच.

२. संथ तपासाला कंटाळू नका. माय श्योवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडीच्या ‘रोझॅना’त (१९६५) कालव्यातला गाळ उपसताना एका तरुणीचं प्रेत वर येतं. ती कोण, हे कळायलाच तीन महिने जातात. पोलीस अधिकारी मार्टिन बेक आणि त्याचे सहकारी ती ज्या बोटीवर होती तिथल्या प्रवाशांनी सहलीत काढलेले फोटो गोळा करतात आणि त्यात तिचा चेहरा शोधत बसतात. एवढा उशीर आहे म्हणूनच ती मुलगी नुसतं प्रेत राहत नाही. तिला ओळखणाऱ्यांच्या बोलण्यातून ती हळूहळू जिवंत होते.

३. कधीकधी खुनापेक्षा घरच जास्त बोलतं. सुजाता मॅसी यांच्या ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’मध्ये १९२१ची मुंबई आहे. तीन मुस्लिम विधवा पडद्यात राहतात. पुरुष जिथे जाऊ शकत नाहीत, तिथे परवीन मिस्त्री ही पारशी वकील जाते. या पात्रामागे कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. त्यांचा जन्म आपल्या नाशिकचा, १८६६चा. पण मला सर्वात लागलं ते परवीनचं कलकत्त्याचं सासर. पाळीच्या दिवसांत तिला एका कोंदट खोलीत वेगळं ठेवतात. आपल्याकडच्या ‘बाहेर बसलेल्या’ बायकांना त्या खोलीबद्दल काही समजावून सांगावं लागणार नाही. ती पानं मी दोनदा वाचली. मूळ प्रकरणाचा उलगडा त्यामानाने घाईत उरकल्यासारखा वाटला.

४. बाबूराव अर्नाळकरांना कमी लेखू नका. हजाराहून जास्त पुस्तकं लिहिणाऱ्या या माणसाने मराठी घरांत वाचनाची चटक लावली. त्यांचा झुंजार किंवा काळापहाड एका बैठकीत वाचावा, मध्ये उठू नये.

५. चांगली रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचा. अगाथा ख्रिस्तींची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) शेवट माहीत असताना वाचली, तेव्हा कुठे तिची खरी कारागिरी दिसली. काहीच लपवलेलं नाही. वाक्यं साधी, सरळ, आणि तरी पहिल्या खेपेला नजर त्यांच्यावरून घसरते. नेमकी कुठली, ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी अजून वाचली नाही, त्यांचा तो पहिला धक्का हिरावून घ्यायचा हक्क कुणालाच नाही.