आहारातील स्निग्धांश आणि स्तनाच्या कर्करोगानंतरचे आयुष्य

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरी निघालेल्या भगिनींचे नातेवाईक बिलाची पूर्तता करताना आम्हांस हमखास विचारतात, "आता तेल-तूप पूर्ण बंद करावे काय?" आम्ही हिशेबाची माणसे; म्हणून आमच्या डॉक्टरांशी व आहारतज्ज्ञांशी चर्चा करून ही माहिती सादर करीत आहोत.

या प्रश्नावर अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले. पहिल्यात उपचार झालेल्या, रजोनिवृत्तीनंतरच्या २,४३७ स्त्रिया होत्या. एका गटाने दिवसाचा एकूण स्निग्धांश सुमारे ३३ ग्रॅमवर आणला. दुसऱ्याचा ५१ ग्रॅमच्या आसपास राहिला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे पाच वर्षांत पहिल्या गटातील ९.८ टक्के, तर दुसऱ्यातील १२.४ टक्के स्त्रियांमध्ये आजार उलटला. फरक लहान असला, तरी आशादायक होता.

पुढच्याच वर्षी ३,०८८ स्त्रियांच्या दुसऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तेथे भाज्या, फळे व चोथा वाढवून स्निग्धांश कमी करावयाचा होता. सात वर्षांनंतरचे आकडे मात्र १६.७ आणि १६.९ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच.

ताळेबंद जुळत नाही, तेव्हा एखादी नोंद नजरेतून सुटलेली असते. येथे ती वजनाची असावी. पहिल्या अभ्यासात कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी पावणेतीन किलोंनी कमी राहिले. दुसऱ्या अभ्यासात वजन घटले नाही आणि स्निग्धांशाचे उद्दिष्टही शेवटपर्यंत टिकले नाही. लाभ तुपाच्या त्यागाचा की आटोक्यातील वजनाचा, हे त्यामुळे निश्चित सांगता येत नाही.

म्हणून केमोथेरपी चालू असताना, अन्नावरची वासना उडालेली असताना, तूप-दूध परस्पर तोडू नये, असे आमचे डॉक्टर आग्रहाने सांगतात. औषधांच्या गोळ्यांना तर कोणताही आहार पर्याय नाही. उपचार संपल्यावर मात्र घरातील तेलाचा हिशेब जरूर मांडावा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल संपत असेल, तर एकट्या तेलातूनच प्रत्येकी रोज ३३ ग्रॅम स्निग्धांश पोटात जातो. दूध, शेंगदाणे, खोबरे व फरसाण निराळेच. हा हिशेब व वजनाची नोंद तपासणीस येताना सोबत आणावी, म्हणजे आहारतज्ज्ञांना प्रत्येकीच्या प्रकृतीनुसार सल्ला देता येईल.