दारूचं व्यसन : नाव एक, वाटा अनेक

एकाची दारू ज्या गोळीने सुटली, तीच दुसऱ्याला लागू पडली नाही की घरचे म्हणतात, ‘याला सोडायचीच नाही.’ हा निष्कर्ष घाईचा आहे. व्यसनाचं नाव एक असलं, तरी मेंदूतली रसायनं सगळ्यांत सारखी बिघडत नाहीत. स्वीडनमधल्या ८६२ दत्तक पुरुषांच्या नोंदींवरून मनोविकारतज्ज्ञ क्लोनिंजर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दोन प्रकार मांडले. एकात व्यसन बहुधा पंचविशीनंतर जडतं आणि पिण्यामागे चिंता असते. दुसऱ्यात ते लहान वयात लागतं, आनुवंशिकतेचा धागा ठळक असतो, स्वभाव उतावळा असतो.

दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन आणि डोपामिन वाढतं, सुख वाटतं. नालट्रेक्झोन हे औषध ते सुख बोथट करतं, म्हणून मजेसाठी पिणाऱ्यांना त्याचा फायदा अधिक होण्याची शक्यता असते. रोज पिणाऱ्याच्या मेंदूत शांतवणारं गाबा दुबळं पडतं, चेतवणारं ग्लुटामेट वरचढ होतं. दारू थांबताच हात थरथरतात, झोप उडते. गाबा आणि ग्लुटामेटचा हा बिघडलेला तोल सावरायला अकॅम्प्रोसेट हे औषध मदत करतं. सेरोटोनिनच्या एका ग्राहीला अडवणाऱ्या ओंडान्सेट्रॉनचा उपयोग २००० सालच्या चाचणीत पंचविशीआधी व्यसन लागलेल्यांनाच दिसला.

यावर आक्षेप येतो की खरी माणसं अशा कप्प्यांत बसत नाहीत. ते खरंच आहे. एकाच माणसात दोन्ही खुणा सापडतात आणि प्रकार सांगणारी रक्ततपासणी नाही. तरीही औषध निवडताना या खुणा दिशा देतात. दुसरा आक्षेप असा, की दोष मेंदूचा ठरला तर माणसाची जबाबदारी कुठे उरली? माळ घालून, शपथ घेऊन दारू सोडलेली माणसं आहेत. संकल्पाचं बळ मी नाकारत नाही. पण शपथ मोडली म्हणून माणूस खोटा ठरत नाही. त्याने पुन्हा उपचाराला येणं, हीच त्याची जबाबदारी.

म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा : दारू कोणत्या वयात सुरू झाली, पहिला घोट कशासाठी लागतो, न प्यायल्यास काय होतं, घरात आणखी कोणाला व्यसन होतं. रोजची दारू स्वतःहून एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. दारू सोडवण्यासाठीची डायसल्फिरामची गोळी जेवणातून गुपचूप देऊ नका. त्यावर दारू प्यायल्यास प्राणावर बेतू शकतं. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. एक औषध चाललं नाही, तर दुसरं आहे. माणसाला नालायक ठरवण्याआधी त्याचे उपचार बदलून पाहा.