परीस : शब्द आणि बोध

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सज्जनहो, माणूस जन्मभर काहीतरी शोधत असतो. कुणी पैसा, कुणी मुलाची नोकरी, कुणी मनाची शांती. जे एकदा हाती लागलं की सगळं आयुष्य पालटेल असं वाटतं, त्याला आपल्या भाषेत 'परीस' म्हणतात. आज या शब्दाचाच थोडा विचार करू.

परीस म्हणजे संस्कृतातला 'स्पर्शमणी'. स्पर्श या शब्दावरूनच परीस हे रूप झाले. हिंदीत त्याला पारस म्हणतात. लोखंडाला लागला की त्याचे सोने होते, अशी समजूत. म्हणून कुणाच्या सहवासाने आपलं भलं झालं, तर आपण 'परीसस्पर्श झाला', 'जन्माचं सोनं झालं' असं सहज म्हणतो. 'त्यापरीस हे बरं' यातला परीस मात्र निराळा. तिथे अर्थ 'पेक्षा' एवढाच.

आता गुरूला परीस म्हणावे का? परीस लोखंडाचे सोने करतो, पण त्याचा परीस काही करीत नाही. त्या सोन्याने दुसऱ्या लोखंडाचे सोने होत नाही. सद्गुरू शिष्याला आपल्यासारखेच करतात. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत कुंभारमाशी आहे. तिने कोंडलेला किडा तिचेच ध्यान करता करता तिच्यासारखा होतो, असा तो दृष्टांत. म्हणजे परीस बाहेरून पालटतो, ध्यान आतून पालटते.

मग आपण एवढी पारायणं करतो, तरी स्वभाव का पालटत नाही? घरोघरी सांगतात ती एक गोष्ट आहे. लोखंडाच्या डबीत परीस ठेवला होता, पण डबी लोखंडाचीच राहिली. उघडून पाहिलं तर परीस फडक्यात गुंडाळलेला! मधे फडकं, स्पर्श कुठून होणार?

आपलीही पोथी रुमालात असते. पारायणाला तो रुमाल सोडतो, सात दिवसांत बावन्न अध्याय पुरे करतो; पण 'मी वाचतो', 'माझा नेम', 'माझा सप्ताह' हे फडकं तसंच राहतं. घरात सुनेशी अबोला, भावाशी बांधावरून वाद, आणि तोंडाने ओवी. हे फडकं आपणच सोडायचं.

ते कसं सोडावं? सरस्वती गंगाधरांच्या श्रीगुरुचरित्रात सिद्धमुनी नामधारकाला पुन्हा पुन्हा 'परियेसा' म्हणतात. म्हणजे ऐका, लक्ष द्या. आपण वाचतो भरभर, ऐकत नाही. यंदा दत्तजयंतीच्या सप्ताहात रोज एक तरी ओवी थांबून ऐकावी आणि तिच्यातली एक गोष्ट त्याच दिवशी आचरावी. ज्याच्याशी बोलणं तुटलं असेल, त्याला आपण होऊन प्रसाद नेऊन द्यावा.

परीस शोधत रानोमाळ फिरायला नको. तो देव्हाऱ्यातच आहे. मधलं फडकं तेवढं काढावं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!