घटक ७ : जाहिरातीतील निकड आणि लेखकाची जबाबदारी

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
• जाहिरातीत निकड निर्माण करणारी भाषिक साधने ओळखता येतील.
• खरी निकड व कृत्रिम निकड यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• ग्राहकाला कृतीस प्रवृत्त करणारा, परंतु त्याची दिशाभूल न करणारा मजकूर लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण जाहिरातीच्या मथळ्याचा विचार केला. मथळा लक्ष वेधून घेतो. पण वाचकाने प्रत्यक्ष कृती करावी, हा जाहिरातीचा अंतिम हेतू असतो. ‘नंतर पाहू’ असे म्हणणारा ग्राहक बहुधा परत येत नाही, हा व्यापाऱ्याचा अनुभव आहे. म्हणून ‘आत्ताच का?’ या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीला द्यावे लागते. हे उत्तर म्हणजेच निकड. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, माणसाचे मन वळविणाऱ्या सहा तत्त्वांमध्ये दुर्मीळतेचा समावेश केला. जे संपत आले आहे ते अधिक मोलाचे वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. या स्वभावाचा उपयोग ग्राहकाच्या हितासाठी करावयाचा की त्याच्या विचाराची वाट अडविण्यासाठी, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ निकडीची भाषा

मराठीत निकड अगदी थोड्या शब्दांत साधता येते. ‘आज या’ आणि ‘आजच या’ या दोन वाक्यांत केवळ ‘च’ या अव्ययाचा फरक आहे. पण दुसऱ्या वाक्यात उद्याचा दरवाजा बंद होतो. आज्ञार्थी क्रियापद, ‘फक्त’, ‘शेवटचे’, ‘त्वरा करा’ हे शब्द हेच कार्य करतात. ‘नाहीतर’ हा शब्द विशेष लक्षात घ्यावा. तो परिणाम पूर्णपणे सांगत नाही. उरलेली भीती वाचकाने स्वतः भरून काढावी, अशी त्याची योजना असते. ‘अंतिम दिनांक १० जून’ आणि ‘शेवटची संधी’ यांची तुलना करा. पहिले विधान पडताळून पाहता येते, दुसरे येत नाही. भाषेच्या अभ्यासकाने हा भेद प्रथम टिपला पाहिजे.

७.२.२ खरी निकड व कृत्रिम निकड

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील खरीप कांद्याच्या बियाण्याचे उदाहरण घेऊ. या जिल्ह्यातील राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. खरीप हंगामासाठी ‘बसवंत ७८०’ आणि ‘फुले समर्थ’ हे कांद्याचे वाण या विद्यापीठाने दिले. कांद्याच्या बियाण्याची उगवणक्षमता साध्या साठवणुकीत सुमारे वर्षभरातच घटते. त्यामुळे दरवर्षी ताजे बियाणे लागते. रोपवाटिका टाकण्याचा काळही ठरलेला असतो. येथे निकड कोणी निर्माण केलेली नाही; ती ऋतूने आणि बियाण्याच्या स्वभावाने दिलेली आहे. ती वेळेवर व स्पष्ट शब्दांत सांगणे ही शेतकऱ्याची सेवाच होय.

याउलट, पाऊस लांबलेला असताना ‘बियाणे संपले तर हंगाम गेला’ असा संदेश पसरविला, तर काय होते? सोयाबीन, बाजरी, कापूस यांच्या पेरणीसाठी साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याखेरीज घाई करू नये, असे आवाहन कृषी विभाग करीत असतो. भीतीपोटी अपुऱ्या ओलीत पेरणी केली आणि पावसाने दडी दिली, तर दुबार पेरणीचे संकट ओढवते. बियाणे, खत आणि मजुरी असा सारा खर्च पुन्हा करावा लागतो. जाहिरातीतील एका शब्दाची किंमत अशा वेळी शेतकरी मोजतो. म्हणून प्रामाणिक जाहिरात प्रसंगी ‘थांबा’ असेही सांगते.

७.२.३ मुदतीची विश्वासार्हता

खरीप २०२३ मध्ये महाराष्ट्रात एक रुपयात पीकविमा योजना लागू झाली. सहभागाची मुदत ३१ जुलै होती. ती ३ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली. २०२४ मध्ये १५ जुलैची मुदत ३१ जुलैपर्यंत वाढली. ही मुदतवाढ शेतकऱ्यांच्या सोयीचीच होती. तथापि, मुदत वाढत गेली की ‘अंतिम’ या शब्दावरचा विश्वास उणावतो, आणि ज्या वर्षी मुदत वाढत नाही त्या वर्षी विसंबून राहिलेला शेतकरी विम्याबाहेर राहतो. मग जो दुकानदार ‘सेलचा शेवटचा दिवस’ ही पाटी महिनाभर उतरवीत नाही, तो स्वतःच्याच शब्दाचे मोल घालवितो, हे उघड आहे.

७.२.४ कायद्याची चौकट

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आमिष दाखविणाऱ्या जाहिरातीत अपेक्षित मागणीपेक्षा पुरवठा कमी असेल, तर साठा मर्यादित असल्याचे स्पष्ट करावे लागते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांमध्ये ऑनलाइन व्यवहारांतील १३ फसव्या पद्धती नमूद आहेत. त्यांत पहिलीच पद्धत ‘खोटी निकड’ ही आहे. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते.

७.२.५ मजकुराचे पुनर्लेखन

आपल्यापैकी काही जण कृषी सेवा केंद्रात, दुकानात वा पतसंस्थेत काम करीत असतील आणि ग्राहकांना पाठवावयाचे संदेशही लिहीत असतील. पुढील काल्पनिक नमुने पाहा.

सदोष मजकूर : “कांदा बियाणे संपत आले! आजच न्या, नाहीतर हंगाम गेला!”

सुधारित मजकूर : “खरीप कांद्याचे बियाणे. आज सकाळी शिल्लक १२० किलो. सर्वांना मिळावे म्हणून एका शेतकऱ्यास कमाल ४ किलो. विक्री १० जूनपर्यंत किंवा साठा असेपर्यंत. रोपवाटिकेसाठी पाण्याची सोय असल्यासच खरेदी करावी. पावती, पिशवी व टॅग जपून ठेवावा.”

सुधारित मजकुरातही निकड आहे. किंबहुना ती अधिक परिणामकारक आहे, कारण तिला आकडा, दिनांक आणि कारण यांचा आधार आहे. असा मजकूर तपासताना तीन प्रश्न विचारावेत. सांगितलेली मर्यादा खरी आहे का? तिचे कारण वाचकाला कळते का? निर्णय घेण्यापूर्वी घरी विचारून येण्याइतका अवकाश त्याला मिळतो का?

७.३ सारांश

निकड हे जाहिरातीचे वैध साधन आहे. मर्यादा वास्तवात असेल, ती पडताळता येत असेल आणि ग्राहकाची विचारशक्ती अबाधित राहत असेल, तर निकड ही माहिती ठरते. एरवी ती दडपण ठरते. व्यापार एका विक्रीवर चालत नाही. पुढच्या हंगामात तोच ग्राहक पुन्हा येणार आहे, हे ध्यानी ठेवून लिहिलेला मजकूर नीतीला आणि व्यवहाराला सारखाच मानवतो.

७.४ स्वाध्याय

१. ‘अंतिम दिनांक’ व ‘शेवटची संधी’ या शब्दप्रयोगांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील वा पेठेतील तीन जाहिराती उतरवून घ्या व त्यांतील निकड वरील तीन प्रश्नांच्या आधारे तपासा.
३. त्यांपैकी सदोष वाटणारी एक जाहिरात ५० शब्दांत पुन्हा लिहा.