दुकानापुढील गाडीतळ : अपघात आणि नुकसानभरपाईचा दावा

आपल्या धंद्यात मालाची हानी झाली तर ती त्याच दिवशी रोजकीर्दीत चढते. भिजलेले पोते, फाटलेले बारदान, तोलातील घट यांची नोंद ठेवण्यास कोणास शिकवावे लागत नाही. परंतु त्याच वखारीपुढील मोकळ्या जागेत, मागे येणाऱ्या मालमोटारीखाली एखाद्या हमालाचा पाय सापडला किंवा खरेदीस आलेल्या गिऱ्हाइकास इजा झाली, तर त्या हानीचा हिशेब कोठे व कसा मांडावा, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून या विषयाची मुख्य कलमे व्यापारी बंधूंपुढे क्रमाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१. जागा खाजगी की सार्वजनिक?

अपघात होताच पहिले उत्तर ऐकू येते ते असे : "आवार आमच्या मालकीचे आहे, हा काही रस्ता नव्हे." हे उत्तर वाटते तितके पक्के नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २(३४) मध्ये, जेथे जाण्याचा लोकांस हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग ती रहदारीची वाट असो वा नसो, 'सार्वजनिक जागा' मानली आहे. वाहनाच्या सक्तीच्या विम्याचा संबंध याच शब्दांशी येतो. सबब जागा सार्वजनिक नाही असे ठरल्यास विमा कंपनी हात झटकू शकते. जुन्या १९३९ च्या कायद्यातील अशाच शब्दांचा अर्थ लावताना मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात, खाजगी मालकीची जागाही लोकांस तेथे प्रवेश असेल तर त्यात येते असे ठरविले. तो प्रवेश मुक्त असो की कोणत्याही रीतीने नियंत्रित असो, फरक पडत नाही. त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर हा निर्णय बंधनकारक नसला तरी आधार म्हणून पुढे ठेवता येतो. ज्या फाटकातून शेतकरी, अडत्ये, हमाल व गिऱ्हाईक दिवसभर ये-जा करतात, ते आवार केवळ मालकीच्या उताऱ्यामुळे निराळे ठरत नाही.

२. वाहन उभे असल्यास?

गाडी उभी होती, सबब दावा नाही, हीही समजूत चुकीची आहे. महामार्गालगत कलंडून पडलेल्या पेट्रोलच्या टाकीगाडीस काही तासांनी आग लागून माणसे दगावली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हा अपघात 'वाहनाच्या वापरातून' घडलेलाच मानला. मात्र इजा वाहनामुळे नव्हे, तर उघड्या गटारामुळे, खचलेल्या फरशीमुळे किंवा कोसळलेल्या थप्पीमुळे झाली असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाण्यात अर्थ नाही. तेथे जागा ताब्यात असणाऱ्याचा निष्काळजीपणा दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो.

३. दावा कोणत्या वाटेने?

वाहनामुळे इजा झाली असल्यास दोन वाटा आहेत. कलम १६४ खाली कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल २॥ लाख रुपये मिळतात. कलम १६६ खाली चालकाची चूक दाखवावी लागते, परंतु रक्कम प्रत्यक्ष हानीच्या मानाने ठरते. जखमी मनुष्य कोणाचा नोकर असून कामावर असताना जखमी झाला असेल, तर मालकाकडून भरपाई मागण्याचा तिसरा मार्ग आहे. १९२३ च्या कायद्याने दिलेला हा हक्क आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला आहे. तथापि नोकराचा मार्ग व मोटार कायद्याचा मार्ग यांपैकी एकच पत्करता येतो, दोन्ही नव्हे. कलम १६६ चा अर्ज अपघाताच्या स्थळी, अर्जदाराच्या राहत्या वा धंद्याच्या गावी, किंवा प्रतिवादी राहतो तेथे करता येतो. परगावी जखमी झालेल्या माणसास ही सवलत मोलाची आहे.

मुदतीबाबत विशेष सावध असावे. १ एप्रिल २०२२ पासून हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. या मुदतीस आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. परंतु अंतरिम आदेशाच्या भरवशावर स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे.

४. पुरावा

न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे ज्या बाजूस झुकेल तिकडे निर्णय होतो. पण पारड्यात घालावयास काही तरी हवे. पोलिसांत तत्काळ वर्दी, गाडीचा क्रमांक, चालकाचा परवाना, विम्याची प्रत, पंचनामा, जागेची छायाचित्रे, दोन साक्षीदारांची नावे, आणि पहिल्या दिवसापासूनचे दवाखान्याचे कागद, इतके जमविलेच पाहिजे. दुकानात कॅमेरा असल्यास त्यातील चित्रण पुसले जाण्यापूर्वी काढून ठेवावे.

आमच्या पेठेत एका तोलाऱ्यास मागे येणाऱ्या गाडीचा धक्का लागला. गाडीमालकाने दवाखान्याचे बिल भरले, हाती काही रुपये ठेवले व कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. वर्दी दिली नाही, गाडीचा क्रमांकही कोणी टिपला नाही. चार महिन्यांनी हाड वाकडे जुळल्याचे दिसले, तेव्हा दाखविण्यास त्याच्यापाशी एकही कागद नव्हता. त्याच्या मुलाने त्या वर्षी शाळा सोडून तराजू हाती घेतला.

५. रकमेचा हिशेब

हा भाग आपणांस सहज कळण्याजोगा आहे. समजा, ४२ वर्षांच्या हमालाची मासिक कमाई १५,००० म्हणजे वार्षिक १,८०,००० रुपये आहे. डॉक्टरच्या दाखल्यातील अपंगत्वाचा टक्का जसाच्या तसा धरावयाचा नसतो. त्या माणसाच्या धंद्यात कमाई किती बुडाली हे पाहावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. ओझे वाहणाऱ्याची कमाई पायाच्या इजेने ६० टक्के बुडाली असे ठरल्यास वार्षिक तूट १,०८,००० होते. २००९ च्या निर्णयानुसार ४१ ते ४५ वयास गुणक १४ आहे, म्हणून रक्कम १५,१२,००० होते. तीच इजा गादीवर बसणाऱ्या, तेवढ्याच पगाराच्या मुनिमास झाली व तूट २० टक्के ठरली, तर आकडा ५,०४,००० येतो. २०१७ च्या घटनापीठाच्या निर्णयानुसार ४० ते ५० वयाच्या स्वतंत्र कमावत्या माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी २५ टक्के भर धरतात. तसे केल्यास हमालाचा आकडा १८,९०,००० होतो. औषधोपचार, बुडालेली मजुरी, वेदना व पुढील शस्त्रक्रिया यांची रक्कम याखेरीज. उलट, जखमी माणसाचीही काही चूक ठरल्यास त्या प्रमाणात रक्कम कमी होते.

६. तडजोड

तडजोड करणे वाईट नव्हे. परंतु ती उपचार पुरे झाल्यावर, न्यायाधिकरणापुढे किंवा लोकअदालतीत नोंदवून करावी. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात येतो व त्यावर अपील नाही.

आता जागामालक या नात्याने चार शब्द. गाडी मागे घेताना मागे एक माणूस उभा असावा, पायवाट चुन्याने आखावी, रात्री दिवा असावा, आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचा विमा फाटकावरच पाहावा. वखारीतील मालाचा विमा हा माणसाच्या इजेचा विमा नव्हे. तो निराळा उतरवावा. आणि अपघात झालाच तर प्रकरण मिटविण्याआधी जखमी माणसास दवाखान्यात न्यावे व वर्दी आपण स्वतः द्यावी. ज्याच्या पाठीवरून आपला माल वखारीत येतो, त्याचे देणे बुडविण्याची रीत आपल्या पेढीस लागू नये, एवढेच आमचे सर्व बंधूंस नम्र सांगणे आहे.