सलाईनची प्रत्येक बाटली तपासतात का?

प्रश्न : सलाईनच्या बाटलीवर बॅच नंबर छापलेला असतो. त्या बॅचमधली एकूण एक बाटली तपासतात, की चार-दोन पाहून सगळ्या पास करतात?

उत्तर : डोळ्यांनी एकूण एक पाहतात. काळ्या आणि पांढऱ्या पडद्यासमोर बाटली धरून आत कण, तंतू तरंगतो आहे का हे बघतात. जंतूंचं मात्र तसं करता येत नाही. त्यासाठी बाटली उघडावी लागते, आणि उघडलेली बाटली रुग्णाला कशी लावणार? म्हणून मोठ्या बॅचमधून साधारण 10 बाटल्या काढतात आणि त्यातलं द्रव पोषकद्रव्यात मिसळून 14 दिवस वाट पाहतात.

समजा, शंभरात एक बाटली दूषित आहे. तरी उचललेल्या दहाही बाटल्या चांगल्या निघण्याची शक्यता 90 टक्के! त्यामुळे कुठली बाटली उचलायची, हे आधी विचारपूर्वक ठरवावं लागतं.

हे न ठरवल्याचा परिणाम इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात 1972 साली दिसला. तिथे डेक्स्ट्रोजच्या दूषित बाटल्या रुग्णांना लावल्या गेल्या आणि काहींचा जीव गेला. बाटल्या आदल्या वर्षी कारखान्यात वाफेने निर्जंतुक केल्या होत्या. पण ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेच्या भट्टीच्या, तळाशी हवा अडकून राहिली आणि खालच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नाहीत. तपासणीचे नमुने वरच्या कप्प्यांतले होते, ते बिनदोष ठरले. तापमान नोंदवणारं यंत्र कमी आकडा दाखवत होतं, पण यंत्रच बिघडलंय असं समजून कामगारांनी दुसऱ्या मापकावर भरवसा ठेवला. मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट.

आता भट्टीतल्या सर्वांत थंड जागेची बाटली नमुन्यात असावीच लागते. ती जागा आधी ठिकठिकाणी तापमापक ठेवून शोधून काढलेली असते. जी औषधं भरल्यावर तापवता येत नाहीत, त्यांच्या कुप्या भरणीच्या सुरुवातीच्या, शेवटच्या, आणि मध्येच मशीन थांबवून कुणी हात घातला असेल तर त्यानंतरच्या घेतात.

आणि बॅच सोडण्यापूर्वी तापमानाचा आलेख वाचतात. त्यात खोट दिसली, तर दहाही बाटल्या पास होऊनसुद्धा बॅच अडवून ठेवायची असते.